स्टीअरिंग रडतंय की!

दरवर्षी स्मरणिकेसाठी लेखाचं आवाहन करणारी ई-मेल आली की मी ती 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. तिथं अजून २०१४ सालचं आवाहनही पडून आहे. माझ्या नावावर या स्मरणिकेत आजवर एकच लेख जमा आहे, तो अलास्का क्रूझवरचा, आणि त्यातले फोटो लेखापेक्षा चांगले होते असं बऱ्याच जणांनी मला प्रेमानं सांगितलं होतं. या वर्षी मात्र मी आपणहून लिहायला बसलोय. विषय आहे गाडीच्या पॉवर स्टीअरिंगचं तेल घरच्या घरी बदलणे. हसू नका. ज्यांना तेलात रस नाही त्यांनीही वाचावं, कारण मंडळातल्या बऱ्याच जणांना मी एक चुकीची माहिती दिलेली आहे आणि ती इथं दुरुस्त करायची आहे.

तर गाडी. आमच्याकडे २००६ ची टोयोटा कॅमरी आहे, चार सिलिंडरची. २००९ मध्ये सेकंडहँड घेतली तेव्हा 'दोनतीन वर्षं वापरू' असं ठरलं होतं. आता तिच्यावर एक लाख ब्याऐंशी हजार मैल झालेत. मराठी शाळा, भरतनाट्यम, पोहण्याचा क्लास आणि पटेल ब्रदर्स या चार धामांच्या वाऱ्या करून तिची मागची सीट बसकी झालीय, पण इंजिन अजून खणखणीत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत लेक सोळा वर्षांची झाली आणि लगेच लर्नर्स परमिट घेऊन आली. आपल्या मॅसॅच्युसेट्समध्ये साडेसोळाला ज्युनियर लायसन्स मिळतं. त्याआधी क्लास असतो, आणि त्याशिवाय आईबापांबरोबर चाळीस तास गाडी चालवावी लागते. ते चाळीस तास शेजारी बसून, आपल्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत, अनेकांनी काढले असतील. कॅमरी आता तिची होणार हे घरात न बोलता ठरून गेलं.

त्याच हिवाळ्यात गाडीला एक आवाज यायला लागला. सकाळी थंडीत गाडी सुरू करून चाक वळवलं की 'घूंऽऽ' असा बारीक, हट्टी सूर. गाडी तापली की कमी व्हायचा, पण पार्किंगमध्ये पूर्ण वळवताना पुन्हा लागायचा. गॅरेजवाल्याला दाखवली. त्यानं पॉवर स्टीअरिंगचं तेल फ्लश करायचे १८९ डॉलर सांगितले, आणि "त्यानं नाही थांबलं तर पंप," असं म्हणून पुढचा आकडा कागदावर लिहून दिला. तो इथं लिहीत नाही. आणि त्याच मार्चमध्ये माझं क्लायंटकडचं काम संपलं. आयटी कन्सल्टंट म्हणजे काय हे आपल्या मंडळात कुणाला समजावून सांगायला नको. काम असतं तेव्हा माणूस डॉलरमध्ये विचार करतो आणि काम नसलं की लगेच रुपयांत. १८९ डॉलर म्हणजे पंधरा हजारांच्या वर! मी कागद खिशात घातला आणि गाडी तशीच घरी आणली.

मे महिन्यात अण्णा आले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच एकटे येत होते. वय सत्त्याहत्तर, उजव्या हाताला कंप सुरू झालेला, व्हीलचेअर असिस्टन्स घ्या म्हटलं तर "मी काय आजारी हाय का?" म्हणून चालत आलेले. लोगनवरून घरी आणलं, ड्राइव्ह-वेमध्ये गाडी वळवली, आणि वीस तासांचा प्रवास करून आलेल्या माणसानं पहिलं वाक्य उच्चारलं ते असं :

"स्टीअरिंग रडतंय की."

इथं जरा मागं जायला हवं. अण्णा मिरजेच्या एसटी डेपोत होते. आमचं लहानपण त्या डेपोच्या आवाजावर गेलं. १९९१ साली मी सातवीत होतो. त्या उन्हाळ्यात एकदा आईनं मला अण्णांचा डबा घेऊन वर्कशॉपला पाठवलं. एक लाल गाडी बॉनेट उघडून उभी होती, अण्णा वाकलेले, बाजूला पान्यांचा ढीग. मी डबा ठेवला, एक पाना उचलला आणि ते बघत होते तिथं मीही हात घालायला गेलो. अण्णांनी वळून अशी एक थोबाडीत दिली की कानात बराच वेळ एसटीचा भोंगा वाजत राहिला. सगळा वर्कशॉप थांबून बघत होता. "घरी जा. अभ्यास कर," एवढंच ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी मला तेवढंच एकदा मारलं.

मी अभ्यास केला. सांगलीला वालचंदमधून बी. ई., मग २००३ साली लोवेलला एम. एस. पण त्या दिवसापासून मी पान्याला हात लावला नाही. घरातला नळ गळला तरी माणूस बोलवायचा, आयकियाचं टेबल बायकोनं जोडायचं आणि मी सूचनांचा कागद धरून उभं राहायचं, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे. माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं : अण्णांना वाटायचं की हे काम माझ्यासाठी नाही, हात काळे करणं त्यांच्याबरोबर संपावं. याला एक शेपूटही होतं, ते पुढं सांगतो.

अण्णा आल्यावर आठवडाभर गाडीविषयी काही बोलले नाहीत. गॅरेजचं दार वर करून ते लॉन-चेअरवर बसायचे आणि समोरून जाणाऱ्या गाड्या कानांनी तपासायचे. "त्याचा बेल्ट ढिला हाय." "ह्याचं सायलेन्सर फुटलंय." एकदा मी कॅमरी बाहेर काढताना त्यांनी हात करून थांबवलं, बॉनेट उघडायला लावलं, तेलाच्या टाकीचं झाकण काढलं, बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि वास घेतला. बोट माझ्यापुढं धरलं. काकवीसारखं काळपट तपकिरी.

"जळलंय. कधी बदललं हुतं?"

कधीच नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात पातळी बघा असं आहे, बदला असं मला कुठं सापडलं नाही. त्यामुळं पंधरा वर्षांत ना मी विचारलं ना कुणी सांगितलं. मग अण्णांनी मला जो प्रश्न विचारला त्यानं मी चकित झालो.

"हे तेल जातं कुठं?"

त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी ज्या गाड्यांवर हात चालवला त्या लाल डब्यांना पॉवर स्टीअरिंग नव्हतंच. ते एवढालं चाक ड्रायव्हर दंडाच्या जोरावर फिरवायचे. अण्णा सांगतात, घाटातल्या रूटचा ड्रायव्हर नुसत्या खांद्यांवरून ओळखू यायचा. म्हणजे आमच्या दोघांत एकाला गाडी कळत होती पण ही यंत्रणा माहीत नव्हती, आणि दुसऱ्याला यंत्रणा इंटरनेटवर वाचता येत होती पण गाडी कळत नव्हती. रात्री मी वाचायचं आणि सकाळी चहाबरोबर अण्णांना सांगायचं, असं सुरू झालं. क्लायंटला प्रेझेंटेशन देण्याची सवय बऱ्याच दिवसांनी कामी आली.

थोडक्यात ते असं. इंजिनच्या बेल्टवर एक पंप फिरतो आणि तेल दाबानं पुढं ढकलतो. चाक पूर्ण वळवलेलं असताना हा दाब हजार पीएसआयच्या वर जातो. स्टीअरिंगच्या दांड्यात एक पातळ पोलादी कांब असते. आपण चाक फिरवायला लागलो की ती किंचित पिळते. ती पिळली की शेजारची झडप उघडते आणि तेल रॅकमधल्या दट्ट्याच्या त्या त्या बाजूला जातं. जोर तेलाचा, आपण फक्त दिशा सांगायची. चाक सरळ झालं की कांबेचा पीळ सुटतो, झडप मिटते आणि तेल परतीच्या नळीनं पुन्हा टाकीत येतं. अण्णांनी मला दोनदा थांबवून 'परतीची नळी' कुठली ते विचारून घेतलं.

आता आपल्याच गावाजवळची एक गंमत. मी तीन वर्षं वॉल्थमला रूट १२८ शेजारच्या एका ऑफिसात काम करत होतो. त्या वॉल्थममध्येच फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनियरनं एक लहानसं वर्कशॉप भाड्यानं घेऊन हे पॉवर स्टीअरिंग तयार केलं. तो आधी पीअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. ट्रकची जड चाकं वळवताना माणसाचे काय हाल होतात हे त्यानं तिथं पाहिलेलं. १९२६ साली त्यानं आपली यंत्रणा पीअर्स-ॲरोच्या गाडीवर बसवून लोकांना चालवून दाखवली. पण गाड्या बनवणाऱ्यांना ती महाग वाटली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या जड वाहनांत ती वापरली गेली, आणि साध्या ग्राहकाला विकत मिळणाऱ्या मोटारीत आली ती १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. मी हे सगळं रंगवून सांगितलं. अण्णांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "सव्वीस साली? मग आमच्या पोरांनी उगंच खांदं मोडून घेतलं म्हणायचं." आमची पोरं म्हणजे एसटीचे ड्रायव्हर. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली तरी.

मग तेल आणायला गेलो. कॅमरीच्या पुस्तकात डेक्सरॉन-२ किंवा डेक्सरॉन-३ लिहिलंय, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल. पण जनरल मोटर्सनं डेक्सरॉन-३ चे परवाने २००६ अखेर बंद केले, त्यामुळं दुकानात त्या नावाची बाटली शोधत मी बराच वेळ फिरलो. शेवटी 'डेक्सरॉन-३ च्या जागी चालेल' असं पाठीमागं लिहिलेल्या दोन बाटल्या घेतल्या. इथं एक सूचना, ज्यांच्याकडे जुन्या होंडा आहेत त्यांच्यासाठी : त्यांना हे तेल चालत नाही, होंडाचं स्वतःचं वेगळं येतं, आणि चुकीचं घातलं तर आतली रबरं खराब होतात. झाकणावर आणि पुस्तकात काय लिहिलंय ते वाचूनच तेल घ्या. आणि नव्या गाड्यांवाल्यांनी शोधत बसू नका. आमच्या दुसऱ्या गाडीला इलेक्ट्रिक स्टीअरिंग आहे, तिथं तेलच नाही. अण्णांनी तिचं बॉनेट उघडून टाकी शोधली, सापडली नाही, तेव्हा त्यांना जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

पहिला प्रयोग सोपा होता. टाकीतलं जुनं तेल ओढून काढायचं, नवं भरायचं, गाडी चालवायची, चारआठ दिवसांनी पुन्हा. ओढायला काय? आमच्या घरात टर्की शिजत नाही, पण एका थँक्सगिव्हिंगला ऑफिसातल्या कुणीतरी भेट दिलेलं टर्की-बास्टर ड्रॉवरमध्ये पडून होतं. रबराचा फुगा आणि पुढं लांब नळी. "हे परत स्वयंपाकघरात आलं तर मी माहेरी जाईन," असं बायकोनं सांगितलं. तिचं माहेर डोंबिवली, तिकिटाचा भाव बघता मी बास्टर गॅरेजमध्येच ठेवलं. नवं तेल ओतलं तेव्हा सगळ्यांना कौतुक वाटलं. लालचुटुक, हुबेहूब कोकम सरबत! संध्याकाळी झाकण उघडलं तर पुन्हा तपकिरी. कारण टाकीत मावतं ते एकूण तेलाचा एक हिस्सा, बाकीचं पंपात, नळ्यांत आणि रॅकमध्ये असतं. मी एक्सेल उघडलं. दर वेळी एक तृतीयांश बदलतंय असं धरलं तर पाच वेळा केल्यावरही तेरा टक्के जुनं उरतं. अण्णांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, "आवाज किती टक्के राहिला?"

आवाज निम्मा राहिला होता. जून संपला. लेकीची टेस्ट ऑगस्टमध्ये. मग मी ठरवलं की दुसरी, खरी पद्धत करायची. पुढची चाकं उचलून गाडी स्टँडवर ठेवायची, अण्णा त्यांना घोड्या म्हणतात. परतीची नळी टाकीपासून सोडवून दुधाच्या रिकाम्या गॅलनमध्ये सोडायची, टाकीचं ते तोंड टोपी लावून बंद करायचं. मग इंजिन बंद ठेवून, किल्ली फक्त स्टीअरिंगचं लॉक उघडण्यापुरती फिरवून, एकानं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. जुनं तेल गॅलनमध्ये पडतं, दुसऱ्यानं वरून नवं ओतत राहायचं. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही, ही एकच अट.

जुलैतला शनिवार. लेक चाकाशी, मी बॉनेटमध्ये, अण्णा खुर्चीवर. जॅक कुठं लावायचा, घोड्या कुठं, हे अण्णांनी हातातल्या काठीनं दाखवलं, आणि गाडी उचलल्यावर उठून तिला दोन्ही हातांनी हलवून बघितलं. मगच आम्हाला जवळ येऊ दिलं. काम झकास चाललं होतं. गॅलनमध्ये काकवी पडत होती, मी सरबत ओतत होतो. पण थेंब थेंब. ऊन चढत होतं. आणि मला वाटलं, सॉफ्टवेअरवाल्यांना नेहमी वाटतं तसं, की हे जरा लवकर करता येईल.

"बाळा, दोन सेकंद इंजिन सुरू कर."

इंजिन सुरू झालं आणि मी बाटली तिरकी करेपर्यंत पंपानं टाकी कोरडी केली. मग जो आवाज आला तो 'घूं' नव्हता. खडी भरलेला पिंप कुणी फरफटत नेतंय असा! मी घाबरून, काय करतोय ते न कळता, हात खाली नळीकडे घातला.

"हात काढ! हात काढ आधी! बंद कर गं!"

अण्णा कधी उठले कळलं नाही. त्यांनी माझं मनगट धरून मागं ओढलं. इंजिन बंद झालं. माझा हात होता तिथून जेमतेम वितीवर बेल्ट फिरत होता. अण्णांचा हात थरथरत होता; तो नेहमीच थरथरतो. कुणी काही बोललं नाही. मग ते खुर्चीत बसले आणि शांतपणे म्हणाले, "एअर धरली."

ज्या यंत्रणेशी त्यांचा जन्मात संबंध आला नव्हता, तिचं निदान त्यांनी एका क्षणात केलं. कारण डिझेलच्या गाडीत डिझेल संपलं की लाइनमध्ये हवा शिरते, मग टाकी भरली तरी गाडी सुरू होत नाही, आधी हवा काढावी लागते. रस्त्यात बंद पडलेल्या किती एसटींची एअर त्यांनी रात्री-अपरात्री काढली असेल! "तेल काय आणि डिझेल काय. हवा दाबली जाती, म्हणून काम करत न्हाई. वाट दे, आपली आपण वर येती."

नळी पुन्हा जोडली. टाकी भरली, झाकण उघडंच ठेवलं. आता इंजिनला हात लावायचा नाही. लेकीनं चाक सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे असं फिरवायचं, मी मोजायचं, वीस झाले की थांबायचं. टाकीत बुडबुडे येत होते. पातळी खाली गेली की भरायची, मग फेस बसेपर्यंत वाट बघायची, मग पुन्हा वीस. अण्णांनी खुर्ची बॉनेटजवळ ओढून घेतली आणि बुडबुड्यांकडे बघत बसले. तिसऱ्या फेरीनंतरच्या थांब्यात लेकीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं :

"आजोबा, तुम्हाला एवढं कसं येतं? तुम्ही तर एसटीत ऑफिसर होता ना?"

हेच ते शेपूट. २००३ साली लोवेलच्या अपार्टमेंटमध्ये आम्ही चौघं राहायचो. एकाचे वडील डॉक्टर, एकाचे बँकेत मॅनेजर, एकाचे कॉलेजात प्राध्यापक. माझ्यावर पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "एसटीत आहेत." कुणीतरी विचारलं, "ऑफिसर?" आणि मी म्हटलं, "हं." एवढंच. खोटं बोललो असंही नाही, नुसता हुंकार. पण तो हुंकार माझ्याबरोबर मंडळात आला. बायकोला अर्थातच खरं माहीत होतं आणि तिला हा सगळा प्रकार बावळटपणाचा वाटायचा. "सांगून टाक की," ती म्हणायची. पण वीस वर्षांनी कुणाला, काय निमित्त काढून सांगायचं?

२०१२ च्या गणपतीला आई-अण्णा इथं होते. आरतीनंतर आपल्या कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठ सद्गृहस्थांनी अण्णांना नमस्कार करून म्हटलं, "तुम्ही एसटीत ऑफिसर होतात ना? चिरंजीवांकडून ऐकलंय." मी शेजारीच प्रसादाची प्लेट घेऊन उभा होतो. अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "हो. मिरजेला होतो." आणि शिऱ्याचं कौतुक करायला लागले. घरी गेल्यावर नाही, त्यानंतर बारा वर्षांत कधीही नाही, त्यांनी तो विषय काढला नाही. आईनंही नाही. म्हणजे तिला त्यांनी सांगितलं होतं की नाही, हे आता कळायचा मार्ग नाही.

आणि आता लेक खिडकीतून विचारत होती. अण्णा बुडबुडे बघत होते. ते याही वेळी 'हो' म्हणतील हे मला दिसत होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "आजोबा ऑफिसर नव्हते. मेकॅनिक होते. मीच लोकांना तसं वाटू दिलं."

"का?"

याचं उत्तर मला त्या वेळी देता आलं नाही. तेवढ्यात अण्णा वर न बघता म्हणाले, "हेड मेकॅनिक."

"काय?"

"शेवटची नऊ वर्षं हेड मेकॅनिक. सांगायचंच तर नीट सांग." मग टाकीकडे बोट करून, "फेस बसला. फिरव गं."

तर मंडळी, ही ती दुरुस्ती. माझे वडील एसटीत हेड मेकॅनिक होते. ज्या ज्येष्ठांनी २०१२ मध्ये विचारलं होतं त्यांना मी हा लेख छापायला देण्यापूर्वी फोन केला. त्यांना तो प्रसंग आठवतच नव्हता.

पाचव्या फेरीनंतर बुडबुडे यायचे थांबले. गाडी खाली घेतली. इंजिन सुरू करायला अण्णांनी मला चाकाशी बसवलं आणि स्वतः बॉनेटजवळ, बेल्टपासून हातभर लांब, कान देऊन उभे राहिले. पहिले काही क्षण जरासा घरघराट झाला, आणि मग फक्त इंजिनचा आवाज राहिला. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. अण्णांनी काठीनं बॉनेटच्या कडेवर दोनदा टकटक केलं. डेपोत गाडी सोडताना असंच करत असावेत.

जुनं तेल गॅलनमध्ये बंद करून ऑटो पार्ट्सच्या दुकानात देऊन आलो. बरीच दुकानं वापरलेलं तेल फुकट घेतात, ते गटारात ओतू नका. एकूण खर्च दोन बाटल्या तेल, नळीची एक नवी क्लिप आणि एक टर्की-बास्टर. जॅक आणि घोड्यांचे पैसे मी हिशोबात धरलेले नाहीत, बायकोनं धरले आहेत.

रात्री हात धुताना नखांतलं काळं जाईना. अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी ओट्यावरची साखर चमचाभर माझ्या तळहातावर टाकली, वर भांड्यांचा साबण, आणि म्हणाले चोळ. डेपोत साखर कुठली, तिथं रॉकेल आणि लाकडाचा भुसा असायचा. साखरेची युक्ती त्यांनी नंतर कुणाकडून तरी घेतली होती. चोळता चोळता मी विचारलं, "अण्णा, मला एकदा डेपोत मारलं होतंत, आठवतं? पाना उचलला म्हणून."

त्यांनी बराच वेळ आठवून बघितलं.

"न्हाई बा," ते म्हणाले. "इंजिन चालू असंल."

लेक ऑगस्टमध्ये पहिल्याच प्रयत्नात पास झाली. समांतर पार्किंग एका दमात. नोव्हेंबरात अण्णा मिरजेला परत गेले. मलाही तोवर नवं काम मिळालं होतं, यावेळी हार्टफर्डला, रोज जाऊन-येऊन. दर रविवारी सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. माझी चौकशी दोन मिनिटांत होते, मग ते नातीला बोलावतात. ती फोन घेऊन गॅरेजमध्ये जाते, बॉनेट उघडते, झाकण काढते, बोट बुडवते आणि कॅमेऱ्यापुढं धरते.

"अजून लाल आहे, आजोबा."

"उजेडात धर," अण्णा म्हणतात.